रोजची पावलं: किती, कशी आणि कुठून आणायची

२०२५च्या जुलैमध्ये एक बातमी जगभर फिरली. रोज दहा हजार पावलं चालायची गरज नाही, सात हजारही पुरतात, असा तिचा सूर होता. दहा हजारांचा आकडा पुरा व्हावा म्हणून रात्री झोपायच्या आधी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्यांना हायसं वाटलं. ‘आधी दहा म्हणाले, आता सात, उद्या पाच म्हणतील,’ असं म्हणत काहींनी ती झटकून टाकली. ज्यांची पावलं दिवसाला दोन-तीन हजारांपलीकडे जात नाहीत, त्यांनी मात्र ती वाचलीच नसावी. सात काय नि दहा काय, दोन्ही आकडे त्यांना सारखेच लांबचे. गंमत अशी, की त्या संशोधनातली सगळ्यात चांगली बातमी नेमकी याच लोकांसाठी होती आणि मथळ्यांत तिला जागाच मिळाली नाही.

हे आकडे आले कुठून, त्यांचा अर्थ काय आणि मुख्य म्हणजे ही पावलं दिवसात बसवायची कुठे, ते जरा निवांतपणे पाहू.

दहा हजार कुणी ठरवले?

हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये तब्येत कमावण्याचं वारं सुटलं. त्या लाटेवर १९६५मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं छोटं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजारांचा आकडा थेट त्याच्या नावातच घातला. गोल, लक्षात राहणारा, जरा अवघड पण अशक्य न वाटणारा. जाहिरातीसाठी याहून सोयीचा आकडा शोधून सापडला नसता. पुढे तोच आकडा घड्याळांत आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये शिरला, आणि वैद्यकीय सल्ला असावा तसा मिरवू लागला.

दहा हजार पावलं चालण्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढंच, की हा आकडा परीक्षेतल्या उत्तीर्ण होण्याच्या गुणांसारखा वागतो. साडेसहा हजार चाललेला माणूस स्वतःला नापास समजतो. अडीच हजारवाला तर परीक्षेला बसतच नाही.

सात हजारांत नक्की काय सापडलं?

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकातला तो आढावा होता. आधी झालेल्या ५७ अभ्यासांची आकडेवारी त्यात एकत्र करून तपासली होती. दिवसाला साधारण दोन हजार पावलं चालणाऱ्यांची तुलना सात हजारवाल्यांशी केली तेव्हा सात हजारवाल्यांत अभ्यासाच्या काळात मृत्यू येण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. हृदयविकार होण्याचा धोका २५, स्मृतिभ्रंशाचा ३८, तर नैराश्याचा २२ टक्क्यांनी कमी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण टक्केवारी फसवी असते. ‘धोका ४७ टक्के कमी’ म्हणजे शंभरातली सत्तेचाळीस माणसं वाचली, असं नव्हे. समजा, एका गटातल्या शंभर माणसांपैकी दहा जण पुढच्या काही वर्षांत दगावणार होते. धोका ४७ टक्क्यांनी कमी असलेल्या दुसऱ्या गटात ती संख्या पाचच्या आसपास असेल. याला सापेक्ष धोका म्हणतात. मूळ धोका किती आहे यावर त्याचं वजन ठरतं. पंचविशीतल्या निरोगी माणसाचा मूळ धोका मुळातच नगण्य, त्यामुळे त्याला लगेच फार फरक दिसणार नाही. साठीच्या माणसाचं गणित वेगळं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पावलं आणि फायदा यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला तो झपकन वर जातो आणि मग हळूहळू आडवा होत जातो. २०१९मध्ये अमेरिकेत साडेसोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. फरक किती पावलांचा? सतराशेच्या आसपास. साडेसात हजारांपुढे मात्र आलेख जवळपास सपाट झाला. २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात हा सपाट भाग साठीपुढच्या लोकांसाठी सहा ते आठ हजारांच्या दरम्यान आला आणि त्याहून लहान वयाच्यांसाठी आठ ते दहा हजारांच्या दरम्यान.

म्हणजे दहाची सात कुणी ‘केली’ नाही. सगळे अभ्यास बोट दाखवतात ते एकाच ठिकाणी: सगळ्यात मोठी कमाई पहिल्या काही हजारांत आहे. नऊ हजारांवरून दहावर जाण्यासाठी धडपडणारा माणूस आणि तीन हजारांवरून साडेचारवर सहज पोचलेला माणूस, या दोघांत जास्त मिळवलं ते दुसऱ्याने.

हजार पावलं म्हणजे घड्याळात किती?

पावलांचा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, मिनिटं येतात. साध्या, जरा लगबगीच्या चालीत मिनिटाला शंभरएक पावलं पडतात. म्हणजे हजार पावलं म्हणजे दहा मिनिटं, आणि अंतर साधारण सात-आठशे मीटर. मघाच्या त्या सतराशे पावलांचा हिशेब सतरा मिनिटांवर येतो, आणि तीही सलग असायला हवीत असं नाही.

पूर्वी सल्ला असायचा, की निदान दहा मिनिटं सलग चाललात तरच ते मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल करावी, असं त्या सूचना सांगतात. ती कितीही तुकड्यांत केली तरी चालते. मध्यम तीव्रता म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की समजावं, आपण त्या पट्ट्यात आहोत. मिनिटाला शंभर पावलांची चाल बहुतेकांना तिथेच नेऊन ठेवते. वय झालेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला त्याहून सावकाश चालीतही तेवढी धाप लागते, आणि त्याच्यासाठी तीच मध्यम तीव्रता.

फोनच्या आकड्यावरही फार विसंबू नये. फोनमधला संवेदक पावलं बघत नाही, लयीत बसणारे हिसके टिपतो. फोन टेबलावर ठेवून घरभर फिरलात तर त्याच्या लेखी तुम्ही बसलेलेच. ढकलगाडीच्या दांड्यावर हात ठेवून चाललात तर मनगट स्थिर राहतं आणि घड्याळ बरीच पावलं गिळून टाकतं. रोजचा आकडा अचूक नसतो. आठवड्याची सरासरी मात्र कामाची असते, कारण यंत्राच्या चुका साधारण सारख्याच राहतात आणि वाढ-घट कळते.

चालल्याने आत घडतं काय?

जेवणानंतर रक्तात साखर चढते. ती पेशींत शिरायला एरवी इन्सुलिन लागतं. काम करणाऱ्या स्नायूला मात्र साखर ओढून घ्यायची आणखी एक वाट आहे, आणि ती इन्सुलिनवर अवलंबून नाही. मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंत मोडतात. ते चालू लागले की रक्तातली साखर तिकडे खेचली जाते. म्हणूनच जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी पाच-दहा मिनिटं पाय मोकळे केले तर साखरेची उसळी कमी राहते. यासाठी घाम यायची गरज नाही.

पोटरीचं आणखी एक काम आहे. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून ते वर परत यायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने. पायांच्या शिरांत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त एक टप्पा वर सरकतं. तासन्‌तास बसून राहिलं की हे काम बंद पडतं. लांबच्या प्रवासानंतर घोट्याभोवती मोज्यांचे वळ उठतात ते त्यामुळेच.

याशिवाय रक्तदाब, झोप, हाडांची घनता, मूड या सगळ्यांवर चालण्याचा परिणाम होतो, पण त्यांची यादी कुठेही मिळेल.

‘जे धडधाकट असतात तेच चालतात; मग चालल्याने काय झालं?’

ही शंका अगदी रास्त आहे, आणि असले लेख वाचताना ती प्रत्येकाला यायला हवी. वर दिलेले बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. म्हणजे संशोधकांनी लोकांना चालायला लावलं नाही. जे जसे चालत होते तसे मोजले आणि पुढे काय झालं ते पाहिलं. ज्याचं हृदय आधीच कुरकुरतंय तो कमी चालणार आणि लवकर जाणार. इथे कमी चालणं हे कारण नसून लक्षण असेल.

या प्रश्नाची पहिली मोठी झुंज लंडनच्या दुमजली बसमध्ये झाली. जेरी मॉरिस या डॉक्टरने शहराच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास केला आणि तो १९५३मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर आणि कंडक्टर साधारण एकाच थरातले, एकाच मालकाचे, एकाच बसमधले. फरक इतकाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढायचा-उतरायचा, दिवसाला सहाशेच्या आसपास पायऱ्या. ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला, आणि जो झाला तोही कमी जीवघेणा.

शंकेखोर गप्प बसणार नव्हते, आणि मॉरिस स्वतःच सगळ्यात मोठा शंकेखोर होता. त्याने गणवेशांच्या नोंदी काढल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पँटचं कंबरेचं माप तिथे लिहिलेलं होतं! ड्रायव्हरांच्या कंबरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या, आणि हा फरक तरुण वयातही होता. म्हणजे जाड माणसं मुळातच ड्रायव्हरच्या खुर्चीकडे वळत असावीत, ही शंका खरी ठरत होती. पुढे मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कंबरेची मापं धरून पुन्हा हिशेब मांडला; तेव्हा सडपातळ असो की स्थूल, प्रत्येक मापाच्या कंडक्टरांत अचानक मृत्यूचं प्रमाण कमीच राहिलं. टपाल खात्यातही तेच चित्र दिसलं: पायी टपाल वाटणारे एका बाजूला, खुर्चीवरचे कारकून दुसऱ्या बाजूला.

आजचे अभ्यास सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतले मृत्यू वगळून, वय, धूम्रपान, आधीचे आजार जमेस धरून आकडे काढतात. तरी शंभर टक्के खात्री देता येत नाही. टक्क्यांचा काही भाग नक्कीच ‘धडधाकट म्हणून चालतात’ यातून आलेला असणार. पण वर सांगितलेली शरीरातली यंत्रणा आणि प्रत्यक्ष प्रयोगांत साखर-रक्तदाबावर दिसणारा परिणाम, दोन्ही त्याच दिशेला जातात. सतरा मिनिटं पणाला लावायला एवढा पुरावा मला पुरतो. मॉरिस स्वतः आयुष्यभर व्यायाम करत राहिला आणि २००९मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी गेला. अर्थात एका माणसावरून निष्कर्ष काढलेला त्याला मुळीच आवडला नसता.

‘मी सकाळी फिरायला जातो. मग झालं की!’

बरंचसं झालं, सगळं नाही. सकाळी अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत काढणारा माणूस व्यायामाच्या हिशेबात उत्तीर्ण असतो आणि हालचालीच्या हिशेबात काठावर. दहा लाखांहून जास्त लोकांच्या आकडेवारीवर बेतलेला एक आढावा २०१६मध्ये आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला धोका जवळपास पुसायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल लागते, असा त्याचा निष्कर्ष. अर्ध्या तासाने तो कमी होतो, पुसला जात नाही.

व्यायाम, झोप आणि खाणंपिणं सोडून दिवसभरात जी किरकोळ हालचाल होते, उठबस, जा-ये, वस्तू आणणं-ठेवणं, ती बेरजेत मोठी निघते. २००५मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दहा सडपातळ आणि दहा स्थूल लोकांच्या अंगावर संवेदक लावून त्यांची प्रत्येक हालचाल टिपली. यांच्यात व्यायाम करणारा कुणीच नव्हता. तरी स्थूल लोक दिवसाला सरासरी दोन तास जास्त बसलेले आढळले. नमुना लहान, पण पाहणी बारकाईची.

‘चालून वजन काही उतरत नाही’

बरोबर आहे, फारसं उतरत नाही. सत्तर किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण पन्नास कॅलरी लागतात. चार घास जास्त खाल्ले की त्या भरून निघतात. शिवाय शरीर हिशेबाला पक्कं असतं. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. त्यांचे पुरुष रोज सुमारे अकरा किलोमीटर आणि बायका सहा किलोमीटर चालतात. २०१२मध्ये त्यांचा दिवसभरातला एकूण ऊर्जाखर्च मोजला तेव्हा शरीराचं आकारमान लक्षात घेता तो खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला! जास्त हालचाल झाली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

वजनकाट्यासाठी चालायला लागणारे लोक म्हणूनच महिन्या-दोन महिन्यांत निराश होऊन सोडतात, आणि हे मला फार वाईट वाटतं. काटा हलला नाही तरी साखर, रक्तदाब, दम, झोप यांत फरक पडलेला असतो. चुकीच्या मापाने मोजल्यामुळे चांगलं चाललेलं काम बंद पडतं. वजन उतरवायचं असेल तर ताटाकडे बघावं. चालण्यावर तो भार टाकू नये.

‘पटलं हो, पण वेळ कुठाय?’

खरी अडचण इथे आहे, आणि बहुतेक उपदेश इथेच तोकडे पडतात. ‘रोज तासभर काढाच’ हे वाक्य ज्याच्याकडे तासभर आहे त्यालाच उपयोगी. आपलं चालणं आळसामुळे कमी झालं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कामाची जागा घरापासून लांब गेली, जिन्याशेजारी लिफ्ट आली, समोर जाऊन विचारायचं ते फोनवर विचारता येऊ लागलं, वस्तू दाराशी येऊ लागल्या. एकेक सोय चांगलीच होती, पण प्रत्येकीने जाताना दोन-चारशे पावलं नेली. २०२२मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसं, पुरेशी हालचाल करत नव्हती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकी माणसं एकाच वेळी आळशी झाली, हे पटत नाही. दिवसाची मांडणी बदलली. ती पावलं परत आणायची तर निश्चयापेक्षा मांडणीच पुन्हा थोडी बदलणं जास्त टिकाऊ ठरतं.

निश्चय आणि उत्साह किती टिकतात, याचं एक मजेदार उदाहरण आहे. २०१६मध्ये पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ आला. त्यात आभासी प्राणी पकडायला खरोखरच रस्त्यावर हिंडावं लागायचं. खेळणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ने वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळी मूळ पदावर.

त्यामानाने साधं पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजणारं यंत्र, बरं टिकलं. २००७च्या एका आढाव्यात पेडोमीटर लावलेल्यांची पावलं दिवसाला सुमारे अडीच हजारांनी वाढलेली दिसली. त्यातला बारकावा महत्त्वाचा: ज्यांच्यासमोर ठरावीक लक्ष्य होतं त्यांचीच वाढली. नुसतं मोजून काही होत नाही. आणि लक्ष्य दहा हजारच हवं असंही नाही. स्वतःच्या सध्याच्या सरासरीपेक्षा हजार-दीड हजार जास्त, इतपत पुरतं.

आता मांडणीकडे. नवं काम दिवसात घुसवण्यापेक्षा जे होतच असतं त्याला चालणं जोडावं. फोन आला की उठून उभं राहायचं आणि बोलणं संपेपर्यंत चालत राहायचं. वीस मिनिटांचं बोलणं सावकाश चालीतही हजार-दीड हजार पावलं देऊन जातं, आणि वेळ शून्य. गाडी दाराशी लावण्यासाठी घिरट्या घालण्यापेक्षा पाच मिनिटांच्या चालीवर जिथे सहज जागा मिळेल तिथे लावावी. उतरायच्या एक थांबा आधी उतरणं हा सल्ला जुना आहे. माझ्या मते जाताना तो पाळूच नये, कारण घाईत चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी सुटतो. येताना पाळावा. लिफ्टचं म्हणाल तर दोन मजल्यांपर्यंत जिना आणि त्यापुढे लिफ्ट, असा ढोबळ नियम सकाळीच एकदा ठरवून टाकला की दर वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. ज्यांना कुणाशी काही ठरवायचं, चर्चायचं असतं त्यांनी ते चालता चालता करून पाहावं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४च्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना बसलेल्यापेक्षा सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या. एकच अचूक उत्तर असलेली कोडी सोडवायला मात्र चालण्याचा उपयोग झाला नाही, म्हणून हिशेब बसूनच तपासलेले बरे.

असं काही अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांत सवय लागते, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८पासून २५४पर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं.

‘गुडघ्यांचं काय?’

गुडघा म्हणजे घासून झिजणारा टायर, ही समजूत खोल रुजलेली आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर येतो, दाब सुटला की भोवतालचा द्रव पोषण घेऊन आत शिरतो. म्हणजे बेताची हालचाल हेच तिचं जेवण. गुडघ्याची झीज सुरू झालेल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या २०२२मधल्या एका अभ्यासात व्यायाम म्हणून चालणाऱ्यांमध्ये नव्याने वरचेवर गुडघेदुखी सुरू होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती.

मात्र चालल्यावर गुडघा सुजत असेल, गरम होत असेल, मध्येच अडकत असेल, तर आधी डॉक्टर. छातीत दडपण, असह्य धाप, भोवळ असेल तर तेच. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना गेली असेल तर पावलं वाढवण्याआधी बूट नीट निवडावेत आणि रोज रात्री तळवे तपासावेत. टोचलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते.

‘इतक्या धुरात नि गाड्यांत चालायचं?’

धुराचं आधी. २०१६च्या एका अभ्यासाने हवेतल्या सूक्ष्म कणांचं नुकसान आणि हालचालीचा फायदा एकाच तराजूत घातले. हवा फार वाईट असतानाही, म्हणजे हे कण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम असतानाही, फायद्यापेक्षा तोटा जास्त व्हायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागेल, असं त्यांचं गणित निघालं. हे सरासरी माणसाचं. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाने एवढ्यावर जाऊ नये. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना दोन तास एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल गाड्यांनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं. उद्यानात चालल्यावर फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या यांत दिसलेला फायदा रस्त्यावर बराचसा विरून गेला. गर्दीचा हमरस्ता टाळून आतली गल्ली धरणं, मग चार पावलं जास्त का पडेनात, हा त्यावरचा साधा उपाय.

गाड्यांचा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. जगात २०२१मध्ये रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली आणि त्यातला एक पंचमांशाहून मोठा वाटा पायी चालणाऱ्यांचा होता. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५वर गेला, तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. जिथे पदपथ नाही, रस्ता ओलांडायला जागा नाही, तिथे ‘चाला’ म्हणणं हा सल्ला नसून चेष्टा आहे. १११ देशांतल्या सात लाखांहून जास्त लोकांच्या फोनमधली पावलं २०१७मध्ये तपासली गेली. सरासरी निघाली पाच हजारांच्या किंचित खाली. अमेरिकेतल्या शहरांची तुलना केली तेव्हा चालायला सोयीच्या शहरांत सगळ्याच वयाचे लोक, बाया काय नि पुरुष काय, जास्त चालताना दिसले. गैरसोयीच्या शहरांत बायकांची पावलं पुरुषांपेक्षा जास्त घटली.

स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या लहानशा शहराने १९९९पासून हे उलटं फिरवलं. शहराच्या मधल्या भागातून गाड्या जवळपास हद्दपार केल्या, रस्ते पायी चालणाऱ्यांना दिले. त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र एक नकाशा आहे. मेट्रोच्या नकाशासारख्या रंगीत रेघा, थांब्यांसारखे ठिपके, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये पायी लागणारी मिनिटं. शहरात मेट्रो नाहीच. ‘लांब आहे’ असं वाटणारं ठिकाण सात मिनिटांवर आहे, हे लिहिलेलं दिसलं की गाडीची किल्ली उचलणारा हात अडखळतो.

असा नकाशा करायला नगरपालिकेची वाट पाहावी लागत नाही. एखादी वसाहत, शाळा, कार्यालय यांच्या भोवतीची रोज लागणारी दहा-बारा ठिकाणं घ्यावीत. ताशी पाच किलोमीटरच्या चालीत मिनिटाला साधारण ऐंशी मीटर जातात. त्यावरून अंदाज बांधावा आणि मग एकदा प्रत्यक्ष चालून पाहावं, कारण चढ आणि सिग्नलची थांबणी कागदावर दिसत नाहीत. आजीच्या चालीने लागणारी मिनिटं वेगळ्या रंगात लिहावीत. जिथे ओलांडणं धोक्याचं आहे तिथे लाल खूण करावी. मिनिटांचा कागद जिन्याजवळ किंवा फाटकाशी लावता येतो, आणि लाल खुणांची यादी रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याकडे लेखी देता येते.